पुण्याचे बावीस हजार की गावाकडचे अकरा?

पत्र: "मी २९ वर्षांची आहे. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठीचं विशेष शिक्षणाचं डी.एड. केलंय आणि सांगली जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित विशेष शाळेत सहा वर्षं शिकवतेय. पगार ११,००० रुपये. ऑर्डर अकरा महिन्यांची, मे महिना बिनपगारी. पीएफ नाही. संध्याकाळी दोन मुलांना त्यांच्या घरी जाऊन शिकवते, आठवड्यातून तीन-तीन दिवस. त्याचे दोघांचे मिळून ४,००० येतात. घर स्वतःचं आहे, घरी मी आणि आई. आईच्या औषधांसकट आमचं महिन्याला आठ हजारांत भागतं. आता पुण्यातल्या एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेने जूनपासून २२,००० वर बोलावलंय. इथले संस्थाचालक म्हणतात, अनुदान येईल, थोडं थांबा. पगाराचा विषय काढला की म्हणतात, बाई, हे सेवेचं काम आहे. माझ्या वर्गातला एक नऊ वर्षांचा मुलगा आता कुठे स्वतःच्या शर्टाची बटणं लावायला लागलाय. त्याला सोडून पैशासाठी जायचं म्हटलं की जीव खालीवर होतो. लाडकी बहीणचे पंधराशे मला आणि आईलाही येतात. विशेष शिक्षकांच्या पुनर्वास परिषदेतल्या नोंदणीचं नूतनीकरण मात्र राहिलंय. काय करू?"

ताई,

आधी त्या 'सेवे'चं बोलू, कारण पत्रात सगळ्यात जास्त ओझं त्याचंच दिसतंय.

त्या मुलाला बटण लावायला तुम्ही कसं शिकवलं असेल, हे विशेष शिक्षकाशिवाय कुणाला सहज कळणार नाही. आधी त्या एका कृतीचे आठ-दहा तुकडे केले असतील. पहिल्यांदा सगळं तुम्ही केलं असेल, काजातून अर्धवट बाहेर आलेलं बटण फक्त ओढायचं काम त्याच्याकडे ठेवलं असेल. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी. त्यासाठी शर्टाऐवजी मोठ्या बटणांची पाटी, मग बाहुलीचा कोट, मग टेबलावर पसरलेला शर्ट, आणि शेवटी अंगातला. प्रत्येक टप्प्याला त्याच्या हातावरचा तुमचा हात किती हलका करायचा याचा अंदाज, आणि रोजची नोंद. हे कसब आहे. ते शिकायला तुम्ही दोन वर्षं दिली, परीक्षा दिली, भारतीय पुनर्वास परिषदेत नाव नोंदवलं. १९९२ च्या कायद्याने या परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला तोच मुळी हे काम कुणीही सोम्यागोम्याने करू नये म्हणून. ज्या कामाला कायदा नोंदणी मागतो, त्या कामाला मोबदला मागताना तुम्ही खाली मान घालायची काहीच गरज नाही.

आणखी एक. कमी पगारात शाळा चालते तेव्हा तोटा फक्त शिक्षकाचा होत नाही. शिक्षक टिकत नाहीत, दर जूनला वर्गात नवा चेहरा येतो, आणि ज्या मुलांना बदल सगळ्यात जड जातो त्यांच्याच वाट्याला तो सगळ्यात जास्त येतो. त्या मुलाची काळजी तुम्हाला आहे, ती खरी आहे. पण त्याची शिक्षिका टिकवणं ही जबाबदारी संस्थेची आहे. ती तुमच्या पोटाला चिमटा काढून पार पाडायची नसते.

आता हिशोब. हा मी सविस्तर मांडतेय, कारण 'पगार दुप्पट' या दोन शब्दांनी तुमच्या वयाच्या किती तरी मुली पुण्याला येतात आणि दिवाळीच्या आत हैराण होतात.

गावाकडे: ११,००० अकरा महिने, म्हणजे वर्षाचे १,२१,०००, म्हणजे महिन्याला साधारण १०,०८०. त्यात शिकवण्यांचे ४,०००. जाण्यायेण्याचा खर्च तुम्ही लिहिलेला नाही, बाराशे धरते. हातात राहिले १२,९०० च्या आसपास. घरखर्चाचे आठ हजार गेले की ४,९०० उरतात. पत्रात शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की लाडकी बहीणचे पंधराशे तुम्हालाही येतात आणि आईलाही. ते धरले तर ७,९००.

पुण्यात: कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीत एका खाटेपुरती, जागा घेतलीत, कोथरूड-कर्वेनगरच्या आतल्या गल्लीत किंवा धनकवडीकडे, तर साडेपाच हजार धरा. दोन वेळचा डबा साडेतीन हजार. पीएमपीचा महिन्याचा पास दीड हजार. नाश्ता, चहा, मोबाईल, साबण-तेल, कधी आजारपण, मिळून दोन हजार, आणि हा आकडा मी हात आखडूनच धरलाय. महिन्यातून एकदा घरी यायचं तर एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे सातशेत भागेल. बेरीज १३,२००. बावीस हजारांतून उरले ८,८००. पण गावाकडे आईची चूल बंद झालेली नाही. वीज, गॅस, औषधं ही माणूस कमी झालं म्हणून निम्मी होत नाहीत. आईला महिन्याला सहा हजार पाठवावे लागतील. हातात उरले २,८००. संध्याकाळच्या शिकवण्या सुटल्या त्या वेगळ्याच.

अजून आहे. बावीस हजार बारा महिने म्हणजे वर्षाला २,६४,०००. लाडकी बहीणची अट कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असण्याची आहे. म्हणजे तुमचे आणि आईचे, दोघींचे तीन हजार जाणार. त्यामुळे तुलना ७,९०० विरुद्ध २,८०० अशी आहे. आणि तिकडेही मेचा पगार नसेल, एप्रिलपासूनच सुट्टी दाखवत असतील, दहा महिनेच पैसे देत असतील, तर महिन्याची सरासरी येते १८,३३० रुपये. त्यातून पुण्याचे १३,२०० आणि आईचे सहा हजार गेले की दर महिन्याला खिशातून आठ-नऊशे घालावे लागतील. मग उत्पन्न अडीच लाखांच्या आत राहून लाडकी बहीण शाबूत राहीलही, पण त्या तीन हजारांवर पुणं काढायचं?

आज घरी राहून तुमच्या हातात जेवढं उरतं तेवढंच पुण्यात उरावं असं वाटत असेल, तर बाराही महिने साधारण २७,३०० पगार हवा. पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलेला महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही. त्याच्या वर गेलात की महिन्याचे दोनशे तेही जातील, ते यात धरलेत. खर्चाचे आकडे तुम्ही तुमचे घाला, शंभर-दोनशे इकडे तिकडे होतील. पण हा कागद एकदा स्वतःच्या हाताने लिहून काढाच.

हा फरक माझ्या मनचा नाही. सरकार स्वतःच्या माणसांसाठी तो मान्य करतं. केंद्रीय विद्यालयातल्या प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात ३५,४०० पासून सुरू होतं. घरभाडे भत्त्यासाठी गावांचे तीन वर्ग आहेत. पुणे, मुंबई एक्समध्ये. नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, सांगली वायमध्ये. छोटी गावं झेडमध्ये. महागाई भत्त्याने ५० टक्के ओलांडल्यावर हे दर ३०, २० आणि १० टक्के झाले. म्हणजे तेच पद, तीच पदवी, तोच वर्ग, आणि पुण्यात घरभाड्यापोटी १०,६२० तर छोट्या गावात ३,५४०. फक्त राहण्याच्या फरकाचे सात हजार. खासगी शाळा जेव्हा 'कन्सॉलिडेटेड बावीस', म्हणजे सगळं धरून एकच रक्कम, म्हणते, तेव्हा त्या आकड्यात पुण्याचं भाडं कुठे आहे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

म्हणून बावीस हजारांवर, तोंडी आश्वासनावर, जूनमध्ये निघू नका. पण 'नको' असंही लगेच कळवू नका.

त्या शाळेला एक सरळ मेल लिहा. पगार बारा महिने मिळेल का; ऑर्डर किती महिन्यांची; पीएफ आहे का; शाळेत किती मुलांची जबाबदारी माझ्याकडे; आणि शाळेबाहेर शिकवण्या घ्यायला मनाई आहे का. शेवटचे दोन प्रश्न कुणी विचारत नाही आणि नंतर तेच नडतात. खासगी शाळांत एकच विशेष शिक्षिका नेमून पहिली ते दहावीची सगळी मुलं तिच्या गळ्यात घालतात, शिवाय कुणी रजेवर गेलं की तिचाच तास काढून घेतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात प्रमाण ठरवून दिलंय: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक. २०२२ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही पहिली ते आठवीसाठी हे प्रमाण आलं. हा आकडा मेलमध्ये नम्रपणे लिहा. तुम्हाला माहीत आहे हे त्यांना कळलं तरी बोलण्याचा सूर बदलतो.

शिकवण्यांना मनाई नसेल तर पुण्याचं चित्र थोडं पालटतं, हे मान्य करायला हवं. तिथे घरी येऊन शिकवणाऱ्या नोंदणीकृत विशेष शिक्षकाला मागणी आहे आणि पालक बैठकीवर पैसे देतात. पण ओळखी व्हायला सहा-आठ महिने जातात, आणि दिवसभर वर्ग सांभाळून दोन बस बदलत कुणाच्या घरी जायचं हे महिनोन् महिने झेपणारं आहे का, हे तुमच्या अंगाला विचारा. पहिल्या वर्षाच्या हिशोबात तो पैसा धरू नका.

पीएफचं नीट समजून घ्या. जिथे वीस किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे पीएफ लागू होतो. मोजताना शिक्षकच नाही तर मदतनीस, लिपिक, गाडीचे चालक सगळे धरायचे. पंधरा हजारांपर्यंत मूळ पगार असलेल्याला तो द्यावाच लागतो. तुमचा पगार अकरा. संस्थेची सगळी माणसं मिळून वीस भरत असतील तर सहा वर्षं तुमचे महिन्याचे १,३२० आणि तितकेच संस्थेचे जमा व्हायला हवे होते. उलट, आयुष्यात कधीच पीएफचं खातं नसलेली व्यक्ती थेट पंधरा हजारांच्या वरच्या मूळ पगारावर लागली, तर शाळेवर तशी सक्ती राहत नाही. म्हणजे पुण्याची शाळा 'आमच्याकडे पीएफ नाही' म्हणाली आणि ते नियमात बसलं, असंही होऊ शकेल. म्हणूनच आधी विचारायचं.

ग्रॅच्युइटीचंही, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचंही, तसंच. ती शिक्षकांना लागू करणारी २००९ ची दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कायम ठेवली. सहा वर्षांच्या सेवेवर, ११,००० पगाराला, पंधरा भागिले सव्वीसच्या सूत्राने ही रक्कम साधारण ३८,००० होते. संस्था मे महिन्याचा खंड दाखवेल, हे ठरलेलंच. पण वर्षात २४० दिवस भरले असतील तर कायदा ते वर्ष सलग धरतो, त्यामुळे वाद घालण्यासारखी बाजू तुमच्याकडे आहे. सगळ्या ऑर्डरी, पगाराच्या नोंदी, हजेरीपत्रकाचे फोटो आजपासून जमवा आणि सांगलीत कामगारांच्या बाजूने काम करणाऱ्या एखाद्या वकिलाला दाखवा. भांडायचं की नाही ते नंतर ठरवा. कागद आधी हवेत. सही एका रकमेवर आणि हातात दुसरीच रक्कम, असा प्रकार तुमच्याकडे होत असेल तर तेही वकिलाला सांगा, आणि इथून पुढे पगार बँकेतच मागा.

'अनुदान येईल' यावर किती वर्षं थांबायचं? त्यावर संस्थाचालकांना एकच विचारा: या पदावर माझ्या नावाची सरकारी मान्यता (वैयक्तिक मान्यता) घेतली आहे का, आणि तिची प्रत मिळेल का? मान्यताच नसेल तर उद्या अनुदान आलं तरी तुमचं नाव कशाच्या जोरावर लागणार? प्रत मिळाली तर थांबण्याला थोडा अर्थ आहे. नुसतं 'बघू' असं उत्तर आलं तर तेही उत्तरच समजा. आणि अनुदानित जागेसाठी कुणी पैसे मागितले, कितीही गोड बोलून मागितले, तरी आईचे दागिने मोडून ते देऊ नका.

आता मला ज्या गोष्टीने खरंच वाईट वाटलं ती. दोन मुलं, आठवड्यातून तीन-तीन बैठका, म्हणजे महिन्याला चोवीस. चार हजारांत. एका बैठकीचे १६७ रुपये, त्यात त्यांच्या घरी जायचं-यायचं. तुमच्याच तालुक्यात घरी येणारे फिजिओथेरपिस्ट एका फेरीला काय घेतात ते विचारून बघा. पुढच्या महिन्यापासून बैठकीला तीनशे करा. ७,२०० होतील, म्हणजे घर न सोडता महिन्याला ३,२०० जास्त. पालकांना एक महिना आधी सांगा आणि सोबत लेखी द्या: गेल्या वर्षी मूल काय करत होतं, आज काय करतं, पुढच्या सहा महिन्यांत काय साधायचं. ज्यांना खरोखर परवडत नाही त्यांच्याकडून कमी घ्या. ती सवलत तुम्ही समजून दिलेली असू दे, सगळ्यांना सरसकट नको. हे मुद्दाम सांगतेय, कारण आपल्या कामाला आपणच दर लावत नाही, मग संस्थेने लावावा अशी अपेक्षा करतो.

यात मला पुण्यापेक्षाही महत्त्वाची वाटते ती तिसरी वाट. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने सर्वसाधारण शाळांसाठी केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण केली. इथे केंद्र म्हणजे केंद्रप्रमुखांच्या हाताखालचा शाळांचा गट. त्यात समग्र शिक्षा या सरकारी योजनेत वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या जवळजवळ तीन हजार शिक्षकांना आधी सामावून घ्यायचं ठरलं, आणि ते योग्यच झालं. त्या लोकांनी उमेदीची वर्षं घालवलीत. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच राज्यांना विशेष शिक्षकांची पदं मंजूर करून जाहीर करायला सांगितलं. सरकारी काम आहे, वेळ लागेल. पण तुमच्या शिक्षणाच्या माणसासाठी नियमित वेतनश्रेणीचं दार पूर्वी इतकंही उघडं नव्हतं. ते उघडेल तेव्हा तुमच्या हातात काय असेल? पुनर्वास परिषदेची नोंदणी चालू हवी. तुम्ही लिहिलंय की नूतनीकरण राहिलंय. ते या महिन्यात मार्गी लावा, त्यासाठी लागणाऱ्या सीआरई, म्हणजे ज्ञान ताजं ठेवण्याच्या, कार्यशाळांना पगारी रजा मागा. केंद्र सरकारची शिक्षक पात्रता परीक्षा, सीटीईटी, द्या; ती एकदा पास झालात की आयुष्यभर चालते. राज्याची टीईटीही द्या. राज्याच्या शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आणि केंद्रीय विद्यालयांच्या जाहिराती बघत राहा. पुण्यात धावपळीत अभ्यासाला वेळ मिळेल की घरी, हेही ठरवताना मनात असू द्या.

मग माझं मत काय? पुण्याची शाळा बारा महिने सत्तावीस-अठ्ठावीस हजार आणि वर्षाची ऑर्डर लेखी देत असेल तर जा. सर्वसाधारण शाळेतला अनुभव पुढे उपयोगी पडेल, आणि वयाच्या तिशीत एकदा घराबाहेर राहून बघण्याची इच्छा असेल तर तीही काही कमी महत्त्वाची नाही; तिच्याबद्दल पत्रात एक ओळही नव्हती म्हणून विचारतेय. तेवढं देत नसतील तर एक वर्ष इथेच थांबा, शिकवण्यांचा दर वाढवा, संस्थेकडे पीएफ आणि मेचा पगार लेखी मागा, आणि परीक्षा द्या. सांगली, मिरज, कोल्हापुरातल्या मोठ्या सर्वसाधारण शाळांनाही अर्ज टाका. तिथे सोळा हजार मिळाले आणि रात्री घरी परतता आलं, तर ते पुण्याच्या बावीसपेक्षा जास्त आहेत, हिशोब तुम्ही वर पाहिलाच.

जायचं ठरलं तर एप्रिलअखेर जा, सत्राच्या मधे नाही. प्रत्येक मुलामागे एक पान लिहून ठेवा: काय येतं, कुठल्या पायरीवर आहे, कशाने बिथरतं, कशाने शांत होतं, घरचं कोण साथ देतं. त्या मुलाच्या आईला शेवटच्या महिन्यात दोन-तीनदा वर्गात बोलवा आणि बटणाची पुढची पायरी तिच्या हाताने करून घ्या.

मेल मात्र याच आठवड्यात पाठवा. शाळांच्या नेमणुका मार्च-एप्रिलमध्ये ठरतात, तेव्हा त्यांना तुमची गरज असते आणि आकडा वाढवून मिळू शकतो. जूनमध्ये सामान घेऊन स्वारगेटला उतरल्यावर तुमच्या हातात काहीच राहत नाही.